भाताच्या वेळेचा बिगूल

मित्रांनो, अंधेरीला कुर्ला रस्त्याच्या आतल्या बाजूला कामतांची चाळ आहे. तिच्या वरच्या मजल्यावर शेवटची खोली लवू परबाची. त्या खोलीत दारामागे एक खुंटी आहे. पूर्वी तिच्यावर छत्री असायची, आता मी असतो. मी एक लष्करातला बिगूल आहे. चाळीतली मुलं मला 'चेपका बिगूल' म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. माझ्या रुंद टोकाला मुठीएवढा पोचा आहे. पुष्कळांनी लवूला सांगितलं, तांबटाकडे ने, पाच मिनिटांत ठोकून सरळ करून देईल. लवू नेत नाही. तो पोचा कसा पडला, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म मेरठचा. तिथं एका गल्लीत घरोघरी वाजंत्र्यांची वाद्यं बनतात. एका म्हाताऱ्या कारागिरानं तांब्याचा पत्रा तापवला, वळवला, कडेला पितळेची पट्टी जोडली. त्यानं मला फुंकून पाहिलं आणि आपल्या मुलाला म्हणाला, याच्यात पाचच सूर आहेत, पण पाचही खरे आहेत. तेवढंच माझं कौतुक. मग मला गवतात गुंडाळून पेटीत घातलं आणि आगगाडीनं मुंबईला पाठवलं.

अंधेरीच्या पलीकडे एक लष्करी छावणी होती. तिथं मला हिरवी दोरी आणि दोन गोंडे मिळाले, आणि लवू मिळाला. लवू बांद्याजवळच्या एका खेड्यातला. काळा, उंच, कमी बोलणारा. छावणीत लग्न झालेल्यांसाठी खोल्या पुरेशा नव्हत्या, म्हणून त्याला बाहेर राहायची परवानगी होती. छावणीच्या फाटकापासून ही चाळ दहा मिनिटांच्या चालीवर. इथं तो आणि त्याची बायको विमला राहायचे.

सकाळी उठायचा बिगूल, जेवणाचा बिगूल, संध्याकाळी सहाला झेंडा उतरवतानाचा बिगूल. हे माझं रोजचं काम. झेंडा उतरला की लवूला सुट्टी. पण सुट्टी झाली म्हणून तो लगेच निघेलच असं नसे. कधी सुभेदार थांबवून घेत, कधी कोठीचं काम निघे. विमला भात करून बसायची आणि भात गार व्हायचा. एका रविवारी तो मला घरी घासायला घेऊन आला होता, तेव्हा ती म्हणाली,

"तुमी येवच्या आदी माका कळाक व्हया. नायतर भात निवता. एवढो मोठो बिगूल आसा हातात, एक फुंकर माझ्यासाठी मारा मगे."

"सरकारी बिगूल आसा तो," लवू म्हणाला. "तुज्या भातासाठी वाजवू?"

"कित्याक? सरकार जेवणा नाय?"

लवू हसला. तो क्वचित हसायचा, म्हणून मला ते आठवतं. दुसऱ्या दिवशी झेंड्याचा बिगूल संपला आणि त्यानं माझ्यातून आणखी तीन सूर काढले. खालचा, वरचा, पुन्हा खालचा. कुठल्याही पुस्तकात नसलेले. सुभेदारांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत. त्यांची बायको गावी होती.

महिन्याभरात सगळ्या चाळीला ते तीन सूर पाठ झाले. शेजारची सुगंधा नळावरूनच ओरडायची, "ए विमल, झाली बघ तुझी भाताची पिपाणी! आला गं तुझा साहेब!" मग सगळ्याच बायका तांदूळ धुवायला लागत. गल्लीत खेळणारी मुलं घराकडे वळत. घड्याळ दोनच घरांत होतं. बाकीच्यांना मी होतो.

आणि दर पंधरा ऑगस्टला लवू मला घेऊन चाळीमागच्या शाळेत जायचा. मैदानात उभा राहून बिगूल वाजवायचा आणि मग मुलांना साखर वाटली जायची. मुलं त्याला लवूकाका म्हणत. माझा आवाज आला की मुलं धावत यायची. मित्रांनो, हे लक्षात ठेवा. आमच्या गल्लीत बिगूल वाजला की लोक बाहेर यायचे, पळून जात नसत. याचा मला फार अभिमान होता.

आता पंचावन्न सालचा ऑगस्ट सांगतो.

गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. विमलाचं माहेर पेडण्याचं, म्हणजे गोव्याच्या हद्दीतलं. तिचा भाऊ तिथं होता आणि त्याची पत्रं येईनाशी झाली होती. लवूचं गाव हद्दीच्या अलीकडे, तिचं पलीकडे. पूर्वी लोक सकाळी भाजी घेऊन जात आणि दुपारी परत येत. आता मध्ये बंदुका उभ्या होत्या. त्या पंधरा ऑगस्टला हजारो माणसं हातात झेंडा घेऊन, बाकी काही न घेता, ती हद्द ओलांडायला गेली. पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. माणसं मेली.

ती बातमी मुंबईत आली आणि शहर पेटल्यासारखं झालं. दुकानं बंद झाली. जो तो रस्त्यावर. लोकांचा राग खरा होता. नि:शस्त्र माणसावर गोळी झाडायची म्हणजे काय!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चाळीपासून दीड-दोनशे पावलांवर, मेंदीच्या कुंपणाचा एक बंगला होता. त्यात पोर्तुगीज वकिलातीत काम करणारा एक कारकून भाड्यानं राहायचा. तो, त्याची बायको आणि दोन मुली. तो कारकून रोज सकाळी डबा घेऊन कामावर जायचा. त्याच्याकडे कुणी फारसं बघतही नसे. पण त्या दिवशी कुणीतरी बोट दाखवलं, की त्यांचा माणूस इथं राहतो.

गडबड होईल म्हणून दोन दिवसांपासून छावणीतून कुणालाच बाहेर सोडलेलं नव्हतं. लवू घरी गेला नव्हता, त्यामुळे भाताची पिपाणीही वाजली नव्हती. मंगळवारी दुपारी वरून निरोप आला. वकिलातीच्या माणसाला धक्का लागता कामा नये. त्याच्या घरादाराला काही झालं, तर गोष्ट अंधेरीची राहणार नाही. दुसरे देश आपल्याला विचारतील, की तुम्ही तुमच्या दारातल्या पाहुण्याला सांभाळू शकत नाही, मग गोव्याबद्दल कोणत्या तोंडानं बोलता? पोलीस कमी पडत होते. वीस जवानांची तुकडी बंगल्यावर पाठवायची होती.

निघण्याआधी सुभेदारांनी सगळ्यांना बराकीत उभं केलं आणि नियम घोकून घेतले.

"पहिलं काय?"

"बिगूल, साहेब!"

"का?"

"लोकांनी गप्प होऊन ऐकावं म्हणून!"

"मग?"

"इशारा लिहिलेला फलक उघडायचा. तीन भाषांत पुकार करायची. पांगा, नाहीतर गोळी चालेल!"

"आणि मग?"

"हुकमावर मॅजिस्ट्रेट साहेबांची सही. सही नाही तर गोळी नाही!"

"सही झाली. आता किती गोळ्या?"

"हुकूम असेल तेवढ्याच! ज्याला हुकूम, त्यानंच!"

"नेम कुठं?"

"खाली, साहेब! समोरच्यावर!"

"वर, हवेत झाडायची?"

"नाही, साहेब!"

रांगेच्या टोकाला धोंडू नावाचा एक जवान होता. देवगडचा, भरती होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यानं विचारलं, "वर का नाही, साहेब? भीती घालायला पुरे ना?"

"नियम आहे म्हणून नाही," सुभेदार म्हणाले. घाई होती. गाडी बाहेर उभी होती.

मी लवूच्या कमरेला होतो. मी ऐकलं. तेव्हा मलाही त्या उत्तरात काही कमी वाटलं नाही.

आम्ही बंगल्याच्या फाटकाशी उभे राहिलो तेव्हा पाच वाजायला आले असतील. पाठीमागे बंगला, समोर गल्ली, आणि गल्लीत तीनशे माणसं. त्यांच्या डोक्यांवरून पार मागे आमची चाळ दिसत होती, वरच्या मजल्याच्या लाकडी कठड्यासकट. लवूनं एकदाच तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याला काय भीती होती ते मला कळत होतं. तो मला फुंकणार होता, आणि मी वाजल्यानंतर जे होतं, ते त्याच्याच गल्लीत होणार होतं. विमला घरात राहावी, एवढंच त्याला हवं होतं.

मॅजिस्ट्रेट होते विद्याधर रेगे. चष्मा लावलेले, नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्यांच्या हातात एका पुठ्ठ्यावर गोळीबाराच्या हुकमाचा छापील कागद होता.

"घरात जा रे सगळे!" ते ओरडले. "या बंगल्यात बायकामुलं आहेत!"

"आमच्या लोकांना नव्हती?" गर्दीतून कुणी म्हणालं.

"सोडा त्यांना बाहेर, मग जातो!"

मेंदीवरून एक दगड आत गेला आणि काच फुटली. आत एक मुलगी रडायला लागली. एकानं बांबूला चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि रॉकेलचा वास येत होता.

"बिगूल," सुभेदार म्हणाले.

लवूनं मला ओठाला लावलं. मी इतका मोठ्यानं कधी वाजलो नव्हतो. आणि नियमात म्हटल्याप्रमाणे सगळी गल्ली गप्प झाली. एक क्षण मला वाटलं, जमलं.

मग मागून चाळीच्या बाजूनं एक लहान आवाज आला. "लवूकाका! लवूकाका आला!"

मित्रांनो, सांगायला मला लाज वाटते. शाळेतल्या बिगुलाची सवय झालेली ती मुलं धावत सुटली. आदल्या दिवशी लवू छावणीत अडकला म्हणून साखर वाटली गेली नव्हती. त्यांना वाटलं, ती आज. मुलं गर्दीच्या पायांमधून पुढे यायला लागली. मुलांच्या मागे त्यांच्या आया आल्या. "अरे थांब, मेल्या, खाली पाडतील तुला!" गर्दी कमी व्हायची ती वाढली. फलक उघडला होता, पुकार चालू होती, "पांगा, नाहीतर गोळी चालेल," आणि लोक पांगायच्या ऐवजी पुढे सरकत होते. रेगे साहेबांना ते कसं दिसलं असेल, याचा विचार करा. त्यांना आमची गल्ली ठाऊक नव्हती. त्यांना एवढंच दिसलं, की इशारा दिला आणि जमाव चाल करून आला.

"ऐकत नाहीत हे," ते म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं.

गर्दीतला एक जण शेजारच्याला सांगत होता, "घाबरू नको रे. पहिली गोळी हवेतच झाडतात. नुसता फटाका. मला माहीत आहे ना!" आजूबाजूचे हसले. कुणालाच खरं माहीत नव्हतं.

आणि तेवढ्यात लवूला विमला दिसली. तिसऱ्या-चौथ्या रांगेत. हिरवं लुगडं, कडेवर सुगंधाचा धाकटा. दोन दिवस नवरा घरी आला नव्हता. बिगूल वाजला म्हणून ती बघायला आली होती, की आज तरी येणार का. तिनं लवूला पाहिलं आणि तिथूनच हातानं विचारलं. बोटं तोंडाशी नेली. जेवायला येताय ना?

लवूचा श्वास माझ्यात यायचा, म्हणून मला माणसाची भीती आतून ठाऊक आहे. त्या वेळी त्याचा श्वासच थांबला होता. तो सुभेदारांना म्हणाला, "साहेब, ही माणसं चाल करून नाय आलेली. बिगूल ऐकून आलीत. रोजची सवय आहे त्यांची."

"रांगेत बोलायचं नाही."

"साहेब, माझी बायको आहे त्यात."

सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग रेग्यांच्या पेनाकडे. ते काही बोलले नाहीत. पहिल्या वेळी बोलले नव्हते, तसेच.

लवूनं हुकमाशिवाय मला ओठाला लावलं आणि ते तीन सूर काढले. खालचा, वरचा, पुन्हा खालचा.

भात टाका.

पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली नसती तर खरी मानली नसती. सुगंधानं आपल्या थोरल्याचा कान धरला. "चल घरी! वाजली बघ पिपाणी." एकेक बाई वळली. मुलं वळली. त्यांना कळलं होतं की आता बिगुलापाशी काही मिळायचं नाही, आता घरी जायचं. विमला वळली. जाता जाता तिनं मागे पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे, समजलं, भात टाकते. तिचं हिरवं लुगडं लोकांमधून मागे मागे जात चाळीच्या जिन्यात दिसेनासं झालं. लवूनं मग कुठं श्वास सोडला. निम्मी गल्ली मोकळी झाली होती.

पण निम्मी राहिली होती. त्या बांबूवाल्यानं काडी ओढली. चिंध्यांनी पेट घेतला आणि तो फाटकाच्या दिशेनं पळत आला. एक दगड रेगे साहेबांच्या कपाळावर बसला. चष्मा खाली पडला. आत त्या मुली किंचाळत होत्या. रेग्यांनी रक्त पुसलं आणि सही केली.

"धोंडू. एक गोळी. पेटता बांबू घेतलेला," सुभेदार म्हणाले.

धोंडूनं बंदूक खांद्याला लावली. तो बांबूवाला त्याच्याच वयाचा होता. दहा-बारा पावलांवर. शेवटच्या क्षणी त्यानं नळी वर उचलली आणि डोळे मिटून चाप ओढला.

आवाज झाला. बांबू खाली पडला. गल्लीतले सगळे पळाले, पडत, चपला टाकून पळाले. धूर गेला आणि पाहिलं, तर रस्त्यावर कुणी पडलेलं नव्हतं. एकही माणूस नाही. बंगला शाबूत होता. धोंडू बंदूक छातीशी धरून रडत होता आणि हसतही होता.

लवू त्याच्या शेजारीच होता. तो हळूच म्हणाला, "बरा केलंस रे, झिला."

मग चाळीतून सुगंधाची किंकाळी आली.

विमलानं वर जाऊन तांदूळ काढले होते. दोन माणसांचे. ते धुतले आणि धुवणाचं पाणी कठड्यावरून खाली टाकायला ती बाहेर आली होती. गोळी गर्दीच्या डोक्यांवरून गेली, गल्लीभर गेली आणि तिच्या गळ्याखाली लागली. लवू जिना चढून वर पोचला तेव्हा तिचे डोळे उघडे होते, पण ती नव्हती. पातेलं उपडं होतं. ओले तांदूळ कठड्यापर्यंत पसरले होते. मी लवूच्या हातातून सुटलो आणि फरशीवर आपटलो. हा पोचा तेव्हाचा.

मित्रांनो, यापुढचं मी थोडक्यात सांगतो.

त्या महिनाअखेर दोन देशांनी एकमेकांची दारं लावून घेतली. वकिलात बंद झाली. तो कारकून बोटीनं निघून गेला. जाण्याआधी त्याची बायको एकटीच चाळीखाली आली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, वर यायचं तिला धाडस झालं नाही. लवूनं वरून तिला हात जोडले. तिनंही जोडले आणि ती गेली. पेडण्याला विमलाच्या भावाला पत्र पोचेना. शेवटी बांद्याच्या एका माणसानं तोंडी निरोप नेला, तोही दीड महिन्यानं. बहिणीच्या बाराव्याला भाऊ नव्हता. दोन सरकारांचं भांडण होतं, तेव्हा हद्द बंद होती.

छावणीत चौकशी बसली. वरून एक अधिकारी आले होते. चांगले कपडे, हळू बोलणं. परदेशातल्या वर्तमानपत्रांत आलं होतं, की हिंदुस्थानचे सैनिकही नि:शस्त्र बाईला मारतात. त्याला उत्तर द्यायचं होतं. मी चौकशीच्या टेबलावर पुरावा म्हणून ठेवलेला होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"परब," ते अधिकारी म्हणाले, "गोळी गर्दीतून कुणी झाडली असण्याचा संभव आहे का? किंवा दगडावर आपटून उसळली असेल? नीट आठवून सांग. तसं असेल तर तुझ्या बायकोच्या नावानं सरकार काहीतरी करू शकेल. आणि हा पोरगाही सुटेल."

लवूनं धोंडूकडे पाहिलं. धोंडू भिंतीशी उभा होता. महिन्याभरात तो निम्मा झाला होता.

"गर्दीत बंदूक नव्हती, साहेब," लवू म्हणाला.

"उसळली असेल."

धोंडू पुढे आला. "नळी मी वर केली, साहेब. माझ्यानं त्याला मारवेना. मला वाटलं, वर झाडली तर कुणालाच लागणार नाही."

रेगे साहेब कोपऱ्यात बसले होते, कपाळावर टाक्यांची खूण होती. ते म्हणाले, "वर झाडायची नाही हा नियम त्याचसाठी आहे, बाळ. वर गेलेली गोळी आकाशात राहत नाही. समोरचा दोषी वाचतो आणि दूर आपल्या दारात उभा असलेला मरतो. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं का?"

"नाही, साहेब. मी विचारलं होतं."

सुभेदार खाली बघत होते.

"लिहून घ्या," लवू म्हणाला. "आणि हेही लिहा, की त्यानं वर झाडली तेव्हा मी त्याला बरा केलंस म्हणालो. घरी जायचे सूर हुकमाशिवाय मी वाजवले, तेही लिहा. बाहेरच्यांना काय उत्तर द्यायचं ते तुम्ही द्या. माझ्या बायकोला कुठल्या दगडानं मारलं, असं मात्र लिहू नका."

त्यांनी लिहिलं. धोंडूला शिक्षा झाली आणि मग लष्करातून काढून टाकलं. लवूला हुकमाशिवाय वाजवल्याबद्दल ताकीद मिळाली. मी चेपलेला म्हणून निकामी ठरलो आणि कोठीत बादल्यांखाली दोन वर्षं पडून राहिलो. माझ्यावर हिरवा थर चढला. लवूची नोकरी संपली त्या दिवशी सुभेदार स्वतः मला घेऊन आले आणि त्याच्या पिशवीत ठेवून गेले.

आता लवू चाळीमागच्या त्याच शाळेत शिपाई आहे. घंटा तोच देतो. रविवारी मला चिंच आणि राख लावून घासतो, पण वाजवत नाही. मुलं मागे लागतात, "लवूकाका, एकदाच!" तो म्हणतो, "वाजवून काय, धावत याल." पण एक गोष्ट तो करतो. दर पंधरा ऑगस्टला साखर वाटून झाली की मुलांना मैदानात बसवतो आणि सांगतो, की गर्दीसमोर बिगूल वाजला तर त्याचा अर्थ काय. त्यानंतर फलक येतो, मग पुकार होते, मग सही. आणि पहिली गोळी हवेत झाडतात असं जो सांगेल, त्याचं ऐकू नका. प्रत्येक गोष्टीचं 'का' तो सांगतो. सगळ्या मुलांना समजेपर्यंत उठू देत नाही.

म्हणून मित्रांनो, माझंही तेवढंच मागणं आहे. मला घासलं नाही तरी चालेल. मी पितळ-तांब्याचा आहे, टिकेन. पण तुमच्यापैकी कुणी उद्या सुभेदार होईल, कुणाच्या हातात सहीचं पेन येईल, कुणी रांगेत उभा राहील आणि कुणी गर्दीत. कुणीही तुम्हाला नियम सांगितला तर तो का आहे ते विचारा. तुम्ही कुणाला सांगितलात तर का ते सांगूनच थांबा. घाई असली तरी सांगा. गाडी बाहेर उभी असली तरी. तेवढा वेळ लागत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती गेल्या रविवारची.

संध्याकाळी लवू चूल पेटवून बसला होता. तो अजून दोन माणसांचेच तांदूळ काढतो. रोज एकाचा भात उरतो आणि तो सकाळी खातो. खाली जिन्यापाशी कुणीतरी बराच वेळ उभं होतं. सुगंधानं कठड्यावरून वाकून पाहिलं आणि ती आत गेली. लवू उठून जिन्याच्या तोंडाशी आला. दार उघडं होतं म्हणून मला खुंटीवरून दिसलं.

धोंडू होता. मुलुंडला एका कारखान्यात लागलाय म्हणे. हातात केळ्यांची फणी. सात-आठ वर्षांत त्याचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"लवूदा," तो म्हणाला, "मी इथूनच जातंय. नुसतो बघूक इल्लंय."

लवूची नजर कठड्याकडे गेली आणि परत आली. आत भाताला उकळी फुटली होती, झाकण वाजत होतं.

"वर ये," लवू म्हणाला. "भात निवता."